साखळीत अपराजित, तरीही स्पर्धेबाहेर: एसीसी बास्केटबॉल स्पर्धेचा इतिहास

१९७०च्या हंगामात साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाने आपल्या कॉन्फरन्समधले चौदाच्या चौदा साखळी सामने जिंकले. दुसऱ्या क्रमांकाचे संघ त्यांच्या आसपासही नव्हते. शिवाय त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेचे पूर्व विभागाचे सामने त्यांच्याच कोलंबिया शहरात, त्यांच्याच कोलिझियममध्ये व्हायचे होते. ते सामने ठरल्याप्रमाणे झाले, पण यजमान विद्यापीठाचा संघ त्यांत नव्हता. काही दिवस आधी शार्लट शहरात एनसी स्टेट (नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ) या संघाने त्यांना ४२-३९ असं हरवलं होतं आणि त्या एका पराभवाने अख्ख्या हंगामाची कमाई पाण्यात गेली होती.

हा कुठला न्याय, असं कोणालाही वाटेल. त्याचं उत्तर अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, म्हणजे एसीसी, दरवर्षी मार्चमध्ये भरवते त्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या इतिहासात आहे. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा गंध नसलेल्या माणसालाही हा इतिहास कळावा, म्हणून थोडं मुळापासून सांगतो.

अमेरिकेत सर्वोच्च श्रेणीत बास्केटबॉल खेळणारी साडेतीनशेहून अधिक विद्यापीठं आहेत. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणं शक्यच नाही. म्हणून विद्यापीठं आपापले गट करतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. हिवाळाभर कॉन्फरन्समधले संघ एकमेकांशी साखळी सामने खेळतात. मार्च आला की एनसीएए या संस्थेची राष्ट्रीय स्पर्धा सुरू होते. तीच ती ‘मार्च मॅडनेस’ म्हणून गाजणारी. हरलात की घरी, असा तिचा सरळ हिशोब. या दोन्हींच्या मधे, मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, प्रत्येक कॉन्फरन्स स्वतःची एक छोटी बाद फेरीची स्पर्धा घेते आणि तिच्या विजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेत हक्काची जागा मिळते. आज हे सगळीकडे चालतं. पण एकेकाळी मोठ्या कॉन्फरन्सपैकी जवळजवळ एकटी एसीसी हे करत होती आणि बाकीचे तिला वेड्यात काढत होते.

एसीसीचा जन्म १९५३चा. त्याआधी दक्षिणेत सदर्न कॉन्फरन्स नावाचा सतरा विद्यापीठांचा अवाढव्य गट होता. फुटबॉलच्या हंगामाअखेरच्या ‘बोल’ सामन्यांत खेळायचं की नाही, यावरून त्यात भांडणं लागली. बंदी झुगारून खेळल्याबद्दल मेरीलँड आणि क्लेमसन यांच्यावर कारवाई झाली. शेवटी मे १९५३मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ग्रीन्सबरो शहराजवळ एका हॉटेलात बैठक झाली आणि सात विद्यापीठं बाहेर पडली: ड्यूक, नॉर्थ कॅरोलायना, एनसी स्टेट, वेक फॉरेस्ट, क्लेमसन, साउथ कॅरोलायना आणि मेरीलँड. वर्ष संपायच्या आत व्हर्जिनिया आठवं म्हणून आलं. म्हणजे ही कॉन्फरन्स जन्मली फुटबॉलच्या भांडणातून आणि नाव कमावलं बास्केटबॉलमध्ये.

यातली पहिली चार विद्यापीठं एकाच राज्यातली आणि त्या वेळी अगदी शेजारी-शेजारी होती. ड्यूकचं डरम आणि नॉर्थ कॅरोलायनाचं चॅपल हिल यांच्यात पंधराएक किलोमीटरचं अंतर. एनसी स्टेटचं राली तिथून गाडीने अर्ध्या तासावर. वेक फॉरेस्टही तेव्हा रालीजवळच होतं, १९५६मध्ये ते विन्स्टन-सेलम शहरात गेलं. हा सगळा तंबाखूचा मुलूख. ड्यूक विद्यापीठाचं नावच तंबाखूसम्राटाच्या घराण्यावरून पडलेलं, आणि एनसी स्टेटचं रेनॉल्ड्स कोलिझियम दुसऱ्या तंबाखू कंपनीच्या घराण्यातल्या माणसाच्या नावाचं. एकाच कारखान्यात, एकाच चर्चमध्ये, कधी एकाच घरात चारही संघांचे पाठीराखे सापडायचे. हरलेल्याला सोमवारी सकाळी जिंकलेल्याचं तोंड पाहावंच लागायचं. या स्पर्धेला जी धार आली ती बरीचशी या शेजारामुळे.

बाद फेरीची कल्पना एसीसीची स्वतःची नाही. सदर्न कॉन्फरन्स १९२०च्या दशकापासून अशी स्पर्धा भरवत होती आणि बाहेर पडलेल्यांनी ती सवय सोबत आणली. ती टिकली याचं मोठं श्रेय एव्हरेट केस या माणसाला जातं. केस इंडियानाचे. तिकडे बास्केटबॉल म्हणजे जीव की प्राण. १९४६मध्ये ते एनसी स्टेटचे प्रशिक्षक झाले तेव्हा नॉर्थ कॅरोलायनात फुटबॉलपुढे या खेळाला फारशी किंमत नव्हती. त्यांनी वेगवान खेळ आणला, प्रेक्षक खेचले. विजेतेपद मिळाल्यावर शिडी लावून बास्केटची जाळी कापून न्यायची पद्धत आज अमेरिकाभर दिसते, तीही केस यांनीच रूढ केली. १९४९मध्ये सुमारे बारा हजार प्रेक्षक मावतील असं रेनॉल्ड्स कोलिझियम उभं राहिलं. दक्षिणेत तेव्हा त्याच्या तोडीचं बंदिस्त मैदान शोधून सापडलं नसतं. साहजिकच एसीसीची पहिली स्पर्धा १९५४मध्ये तिथेच भरली आणि १९६६पर्यंत तिथेच भरत राहिली.

पहिल्याच वर्षी काय झालं पाहा. साखळीत ड्यूक पहिला. स्पर्धा जिंकली एनसी स्टेटने, अंतिम सामन्यात जादा वेळेत वेक फॉरेस्टला ८२-८० असं हरवून. सामने स्वतःच्या मैदानावर, प्रेक्षक स्वतःचे. बाकीच्यांनी कुरकुर केली आणि ती रास्त होती. पण तिकीटबारीवर जमणारा पैसा इतका होता की स्पर्धा हलवायला तेरा वर्षं लागली.

आता मुख्य मुद्दा. त्या काळात एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेत एका कॉन्फरन्समधून एकच संघ घेतला जाई. तो एक कोण, हे ठरवायचं काम कॉन्फरन्सचं. बहुतेकांनी सरळ मार्ग धरला: साखळीत पहिला येईल तो जाईल. एसीसीने मात्र ठरवलं की मार्चमधली तीन दिवसांची स्पर्धा जिंकेल तो जाईल. आपल्याकडे वर्षभर वर्गात पहिला नंबर काढणाऱ्या मुलाचं भवितव्यही शेवटी बोर्डाच्या परीक्षेवर ठरतं, तसंच हे होतं. साखळीतल्या क्रमांकाचा उपयोग एवढाच की पहिल्या दिवशी त्यातल्या त्यात कमजोर प्रतिस्पर्धी मिळे.

प्रशिक्षक या पद्धतीला शिव्या घालत आणि प्रेक्षक तिच्यावर जीव टाकत. १९५७मध्ये फ्रँक मॅग्वायर यांचा नॉर्थ कॅरोलायनाचा संघ हंगामभर अपराजित होता. उपांत्य सामन्यात वेक फॉरेस्टने त्यांना असं कोंडीत पकडलं की शेवटच्या मिनिटात लेनी रोझेनब्लूथचा बास्केट आणि त्यावर फाउलमुळे मिळालेला फ्री थ्रो, म्हणजे एका गुणाचा मोकळा फटका, यांनी त्यांना ६१-५९ असं तारलं. तो फटका चुकला असता तर अपराजित संघ घरी बसला असता. तो आत गेला, आणि दोन आठवड्यांनी याच संघाने कॅन्सस सिटीत विल्ट चेंबरलेनच्या कॅन्ससला जादा वेळेच्या तीन फेऱ्यांनंतर ५४-५३ असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. तो सामना टीव्ही निर्माते सी. डी. चेस्ली यांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या घरांत टीव्हीवर पोचवला. लोकांनी रात्र जागून पाहिला. पुढच्याच हंगामापासून चेस्ली एसीसीचे सामने नियमित दाखवू लागले आणि तिथून हा खेळ त्या राज्याच्या घराघरांत गेला.

पुढे तर शाळांमध्येही. स्पर्धेचे पहिले सामने आठवड्याच्या कामाच्या दिवशी भर दुपारी असायचे. नॉर्थ कॅरोलायनात वाढलेल्या कुठल्याही मध्यमवयीन माणसाला विचारा. शिक्षक चाकांच्या उंच स्टँडवरचा टीव्ही ढकलत वर्गात आणायचे, गणिताचा तास तसाच राहायचा, फळ्याच्या कोपऱ्यात कोणीतरी गुण लिहीत राहायचं आणि निळ्या रंगाच्या दोन छटांमध्ये वर्ग विभागला जायचा. गडद निळा ड्यूकचा, आकाशी नॉर्थ कॅरोलायनाचा. अधूनमधून एनसी स्टेटचा लाल.

एकच जागा असल्यामुळे माणसं जिंकण्यासाठी काय काय करत, याचा टोकाचा नमुना १९६८चा. उपांत्य सामन्यात एनसी स्टेटसमोर बलाढ्य ड्यूक होता. त्या वेळी शॉट क्लॉक नव्हतं, म्हणजे अमुक सेकंदांत बास्केटकडे चेंडू टाकलाच पाहिजे असं बंधन नव्हतं. ड्यूकचे उंच खेळाडू बास्केटजवळून पुढे यायला तयार नव्हते, म्हणून एनसी स्टेटचे प्रशिक्षक नॉर्म स्लोन यांनी चेंडू नुसता हातात धरून ठेवायला सांगितलं. खेळाडू मैदानाच्या मध्यावर चेंडू घेऊन उभा, समोरचा त्याच्याकडे बघत उभा, घड्याळ चालू. मध्यंतराला गुण होते ड्यूक ४, एनसी स्टेट २. चाळीस मिनिटांचा सामना संपला तेव्हा एनसी स्टेट १२-१० असा जिंकला होता! दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाने त्यांना ८७-५० असं धुतलं, पण तो भाग वेगळा.

त्याच्या पुढच्या वर्षीचा अंतिम सामना मला या सगळ्या इतिहासात फार महत्त्वाचा वाटतो. एसीसीत पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू, मेरीलँडचा बिली जोन्स, खेळला तो १९६५मध्ये, म्हणजे कॉन्फरन्स स्थापन होऊन बारा वर्षांनी. तोवर या गाजलेल्या स्पर्धेत फक्त गोरी मुलं खेळत होती, हे विसरून तिच्या आठवणी काढू नयेत. १९६९मध्ये ड्यूकविरुद्धच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना मध्यंतराला मागे होता. मग चार्ली स्कॉट या कृष्णवर्णीय खेळाडूने एकट्याने सामना फिरवला. ४० गुण, त्यातले २८ उत्तरार्धात. नॉर्थ कॅरोलायना ८५-७४ असा जिंकला. तरीही त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान पत्रकारांनी साउथ कॅरोलायनाच्या जॉन रोशला दिला होता. काही मतपत्रिकांवर तर कॉन्फरन्सच्या सर्वोत्तम पाच जणांच्या संघातही स्कॉटचं नाव नव्हतं.

हाच रोश १९७०मध्ये साउथ कॅरोलायनाचा आधारस्तंभ होता आणि अंतिम सामन्यात त्याचा घोटा दुखावलेला होता. एनसी स्टेटने पुन्हा संथ खेळाचा मार्ग धरला. सामना जादा वेळेच्या दोन फेऱ्यांत गेला आणि अखेरीस एनसी स्टेटच्या एड लेफ्टविचने बॉबी क्रेमिन्सच्या हातून चेंडू हिसकावून बास्केट केला. एका वर्षाने साउथ कॅरोलायनाने ही स्पर्धा जिंकली खरी. नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध शेवटच्या क्षणी जंप बॉलवर, म्हणजे पंचाने दोघांच्या मधे वर उडवलेल्या चेंडूवर, केव्हिन जॉइसने आपल्याहून कितीतरी उंच खेळाडूवर उडी मारून चेंडू मिळवला आणि ५२-५१ने विजय आला. पण मन उडालं होतं. त्याच वर्षी साउथ कॅरोलायनाने एसीसी सोडली. क्रेमिन्सने मात्र हिशोब पुरा केला. पुढे जॉर्जिया टेकचा प्रशिक्षक म्हणून त्याने हीच स्पर्धा १९८५, १९९० आणि १९९३ अशी तीनदा जिंकली.

९ मार्च १९७४च्या रात्रीकडे मी मुद्दाम सावकाश येतो आहे. ग्रीन्सबरोचं कोलिझियम खचाखच भरलेलं. एका बाजूला देशातला पहिल्या क्रमांकाचा एनसी स्टेट. आदल्या हंगामात हा संघ २७ पैकी २७ सामने जिंकला होता, पण नियमभंगाच्या शिक्षेमुळे राष्ट्रीय स्पर्धेला मुकला होता. त्यांच्याकडे डेव्हिड थॉम्प्सन, ज्याच्या उडीची आठवण लोक अजून काढतात. त्या वर्षांत डंक करायला, म्हणजे उडी मारून चेंडू वरून जाळीत कोंबायला, बंदी होती, म्हणून तो हवेतच चेंडू झेलून अलगद जाळीत सोडायचा. शिवाय सात फुटांहून उंच टॉम बर्लेसन. समोर चौथ्या क्रमांकाचा मेरीलँड: टॉम मॅकमिलन, लेन एल्मोर, जॉन लुकास, प्रशिक्षक लेफ्टी ड्रिसेल. कॉन्फरन्सच्या सर्वोत्तम पाच खेळाडूंत बर्लेसनऐवजी एल्मोरची निवड झाली होती आणि बर्लेसनला ते लागलं होतं. त्याने त्या रात्री ३८ गुण केले. तरी मेरीलँड हटेना. सामना जादा वेळेत गेला आणि एनसी स्टेट १०३-१०० असा जिंकला. लांबून टाकलेल्या बास्केटला तीन गुण द्यायचा नियम तेव्हा नव्हता, हे लक्षात घेतलं की १००च्या पुढच्या या आकड्यांचं मोल कळतं.

एनसी स्टेट पुढे गेला, उपांत्य फेरीत यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाची सलग सात राष्ट्रीय विजेतेपदांची सद्दी मोडली आणि राष्ट्रीय विजेता झाला. मेरीलँडसाठी दार बंद. देशातल्या पहिल्या चार संघांतला एक, आणि त्याला राष्ट्रीय स्पर्धेत जागाच नाही. सामना संपल्यावर ड्रिसेल एनसी स्टेटच्या बसमध्ये चढले, त्या मुलांना शाबासकी दिली आणि राष्ट्रीय विजेतेपद जिंकून या म्हणून शुभेच्छा दिल्या. हरलेल्या माणसाचं असं मोठेपण खेळात क्वचित पाहायला मिळतं.

पुढच्याच वर्षी एनसीएएने राष्ट्रीय स्पर्धा ३२ संघांची केली आणि एका कॉन्फरन्समधून दुसऱ्या संघालाही वाट मोकळी केली. त्या एका सामन्यामुळेच नियम बदलला असं म्हणणं थोडं सोपं होईल. इतर कॉन्फरन्सचेही चांगले संघ असेच डावलले जात होते. पण डोळ्यांसमोर आलेला सर्वात ठसठशीत अन्याय हाच होता. १९८०मध्ये तर एका कॉन्फरन्समधून किती संघ, ही मर्यादाच उठली. १९८५मध्ये संघ झाले ६४, आज ६८.

इथे एसीसी स्पर्धेचं स्वरूप पालटलं. बलाढ्य संघाला आता हरण्याची धास्ती उरली नाही, त्याला राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळणारच. दुसरीकडे, टीव्हीचा पैसा पाहून बाकीच्या कॉन्फरन्सनीही अशा स्पर्धा सुरू केल्या. बिग ईस्टने १९८०मध्ये, बिग टेनने १९९८मध्ये, आणि आयव्ही लीगने तर २०१७मध्ये.

खेळाचे नियम बदलण्यातही या स्पर्धेचा हात आहे. १९८२च्या अंतिम सामन्यात एका बाजूला नॉर्थ कॅरोलायनाचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी मायकेल जॉर्डन, दुसऱ्या बाजूला व्हर्जिनियाचा महाकाय राल्फ सॅम्प्सन. देशभर थेट प्रक्षेपण. आणि उत्तरार्धात सुमारे सात मिनिटं नॉर्थ कॅरोलायनाने चेंडू नुसता इकडून तिकडे फिरवत ठेवला. निकाल ४७-४५. घरोघरी टीव्हीसमोर बसलेले लोक वैतागले. पुढच्याच हंगामात एसीसीने ३० सेकंदांचं शॉट क्लॉक आणि तीन गुणांची रेषा यांचा प्रयोग केला आणि काही वर्षांत दोन्ही देशभर लागू झाले. १९६८च्या १२-१०ने जे झालं नव्हतं ते टीव्हीने करून दाखवलं.

ज्यांच्याकडे दुसरा रस्ताच नव्हता अशांसाठी स्पर्धेची धार मात्र तशीच राहिली. १९८३मध्ये जिम व्हल्व्हानो यांच्या एनसी स्टेटने लागोपाठ वेक फॉरेस्ट (७१-७०), जॉर्डनचा नॉर्थ कॅरोलायना (जादा वेळेत ९१-८४) आणि सॅम्प्सनचा व्हर्जिनिया (८१-७८) यांना हरवलं आणि तिथून थेट राष्ट्रीय विजेतेपदापर्यंत मजल मारली.

दरम्यान कॉन्फरन्स फुगत गेली. जॉर्जिया टेक, फ्लोरिडा स्टेट, मायामी, मग उत्तरेकडचे बोस्टन कॉलेज, सिरॅक्यूज, पिट्सबर्ग. संस्थापक मेरीलँड २०१४मध्ये बिग टेनमध्ये निघून गेला. २०२४मध्ये तर पॅसिफिक किनाऱ्यावरचे स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या ‘अटलांटिक कोस्ट’मध्ये दाखल झाले. स्पर्धाही कधी अटलांटा, कधी ब्रुकलिन, कधी वॉशिंग्टन अशी फिरते. २००१मध्ये अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये एका सत्राला चाळीस हजारांवर प्रेक्षक होते. तरी जुन्या माणसांच्या मनात तिचं घर ग्रीन्सबरोच. राली, केरी, मॉरिसव्हिल या भागात आता आयटीच्या नोकऱ्यांमुळे अनेक मराठी कुटुंबं स्थायिक आहेत. तिथल्या शाळेत घातलेल्या पोरांना पहिल्या वर्षीच कोणीतरी विचारतं, तू ड्यूकचा की कॅरोलायनाचा? आईवडिलांनी हा इतिहास माहीत करून घेतलेला बरा.

१२ मार्च २०२० रोजी ग्रीन्सबरोत फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन मैदानावर सराव करत असताना कोविडमुळे स्पर्धा रद्द झाली. साखळीतला पहिला म्हणून फ्लोरिडा स्टेटला रिकाम्या कोलिझियममध्ये करंडक देण्यात आला. जी गोष्ट १९७०च्या साउथ कॅरोलायनाला हवी होती ती पन्नास वर्षांनी दुसऱ्याला मिळाली, आणि ती घेताना कोणाच्याही चेहऱ्यावर आनंद नव्हता.

२०२४मध्ये एनसी स्टेट पुन्हा कमाल करून गेला. साखळीतले शेवटचे चार सामने हरून हा संघ दहाव्या मानांकनाने वॉशिंग्टनला आला. विजेतेपदासाठी पाच दिवसांत पाच सामने जिंकायचे होते, कारण वरच्या चार संघांना पहिल्या दोन फेऱ्या न खेळताच पुढे चाल मिळते. लुइव्हिल, सिरॅक्यूज, ड्यूक गेले. उपांत्य सामन्यात व्हर्जिनियाविरुद्ध तीन गुणांनी मागे असताना मायकेल ओकॉनेलने शेवटच्या क्षणी लांबून फेकलेला चेंडू फळीवर आदळून आत गेला, बरोबरी झाली आणि जादा वेळेत त्यांनी सामना घेतला. अंतिम फेरीत नॉर्थ कॅरोलायना ८४-७६ असा पडला. धिप्पाड डीजे बर्न्स स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एनसी स्टेटला हा करंडक १९८७नंतर प्रथमच मिळाला, आणि नंतर हा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चारांत पोचला.

पुढच्या हंगामात कॉन्फरन्समध्ये अठरा संघ झाले आणि स्पर्धेत फक्त पंधरांनाच घ्यायचं ठरलं. जुन्या काळी साखळीत तळाला राहिलेल्या संघालाही तीन दिवस जिंकून सगळं मिळवायची मुभा होती. आता तळाचे तिघे सामना न खेळताच बाद. २०२५मध्ये त्या तिघांत बोस्टन कॉलेज होतं, मायामी होतं आणि तिसरा होता गतविजेता एनसी स्टेट. शार्लटमध्ये त्याच्याविना स्पर्धा झाली आणि ड्यूकने ती जिंकली. मला हा नियम मुळीच पटत नाही. वेळापत्रकात आणखी काही सामने बसवणं एवढं कठीण नाही, आणि ज्या स्पर्धेचा सगळा इतिहासच शेवटच्या संधीचा आहे तिथे तळाच्या तिघांनाही ती संधी द्यायला हवी.